कौल

माशा रात्रीच न्यायच्या असतात.
दिवसा हलवल्या तर निम्म्या बाहेर राहतात, फुलांवर,
आणि तिन्हीसांजेला परत येऊन
पेटीच्या जागी नुसती जागा बघतात.

म्हणून दारांवर जाळी ठोकून, चार पेट्या दोरीने आवळून
कुडाळहून निघालो. टेम्पो मासळीचा.
ड्रायव्हर म्हणाला, बर्फ घालू काय वरसून?
चढ लागला तसा तो गप्प झाला.
पाठीमागे चारही पेट्या एका सुरात,
आधण यायच्या आधीच्या पाण्यासारख्या.

रस्ता संपतो तिथे पहाटे माणसं उभी होती,
डोक्यावर चुंबळ ठेवून.
उंबरटेंबला चाक जात नाही.
गोपिका येडगेने पेटीला कान लावला,
"ऐकतत सगळा," म्हणाली,
आणि चढाचा दीड तास तिच्याशी बोलत राहिली:
आता धोंडा. आता व्हाळ. आता आमचो माळ.
माझ्या प्रशिक्षणात हे नव्हतं.

वर पोचून मागे पाहिलं.
खाली माड, आणि माडांपलीकडे समुद्र,
कुणी पाटीवर ओलं बोट ओढावं एवढाच.

धाकू झोरे सत्तरीचे. जन्मभर कड्यावरची आग्याची पोळी काढलेली,
काळोख्या रात्री, पेंढीचा पलिता घेऊन.
भुवया दोनदा जळून परत आलेल्या.
पेटीभोवती फिरले. बोटाने ठोकून पाहिली.
"माशी काय भाड्यान ऱ्हवता?"

मी सांगू लागले, ही आग्या नव्हे, ही सातेरी,
शेजारी शेजारी सात पोळी बांधते म्हणून...
तिथेच चुकलं.
सातेरी त्यांची देवी.
जांभळीखालचं वारूळ, पुरुषभर उंच, हिरवं लुगडं नेसलेलं.
"सातेरीक पेटयेत घालतलंस?"

मग गाऱ्हाणं. मग कौल.
ओल्या पाकळ्या वारुळाला चिकटवल्या, उजवी आणि डावी.
धाकूंनी देवीला सगळं बैजवार सांगितलं,
बाय मालवणची, पेटये चार,
सबसिडी निम्मी, ती पण मागाहून.
"होय म्हाराजा," वाडी सबसिडीलाही म्हणाली.

पाकळी पडेना.
ऊन चढलं. जाळीआड माशा तापायला लागल्या,
आवाज बदलला.
मी पेट्यांवर ओलं फडकं टाकत होते
आणि देव न मानणारी मी
पाकळीकडे बघत होते, चुकलेल्या एसटीच्या वळणाकडे बघावं तशी.

उजवी पडली.
माझ्या मते वाऱ्याने.
मी काही बोलले नाही.

जांभळीपासून वीस पावलांवर पेट्या मांडल्या,
घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.
चौकट उचलून मी राणी शोधत होते.
जाळीचा बुरखा माझ्या तोंडावर. धाकूंच्या तोंडावर नुसती विडी,
तीही विझवलेली.
"ही बघ," ते म्हणाले, माझ्या आधी.
लांबट, सावळी, गर्दीत वाट काढणारी.
हात किंचित हलत होता त्यांचा.
"इतक्या जवळसून कधी बघूक नाय."
मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता,
"आमी बघलव त्यो जळत होत्यो."

आठव्या दिवशी एक पेटी उठून गेली.
सकाळी उघडली तर चार मेलेल्या माश्या आणि मेणाचा वास.
भाड्याचं कुणी काढलं नाही.
गोपिकाने रिकामी पेटी पुसून तिथेच ठेवली,
दार उघडं.

वैशाखात फोन आला.
उंबरटेंबला रेंज एकाच कातळावर, तीही
उजव्या पायावर भार टाकला तर.
धाकू ओरडून बोलत होते. पेटी जड लागते.
काजूचा मोहोर झाला, जांभळीचा झाला,
आता ढग दिसतात. सगळा मध काढूचो काय?

मी म्हटलं, नको. पावसाचे चार महिने त्यांना बाहेर काही मिळत नाही.
वरचा थोडा घ्या. बाकी त्यांचा त्यांना ठेवा.

पलीकडे वारा. मग त्यांचं हसणं.
"ता माका म्हायत असा.
तुझ्या पुस्तकात असा काय, ता इचारतंय."